विश्लेषण : एकटा खेळाडू संघाला किती पुढे नेऊ शकतो? पालवणकर बाळू यांची कारकीर्द काय सांगते?

रविवारी नालासोपाऱ्यातल्या एखाद्या मैदानावर टेनिस चेंडूची स्पर्धा संपली की चहाच्या टपरीवर दुसरा सामना सुरू होतो. अमक्याच्या शेवटच्या षटकामुळे जिंकलो, की तमक्याने झेल सोडला म्हणून हरता हरता वाचलो? आयपीएलमध्ये एखाद्या संघाने कर्णधार बदलला की हाच वाद मोबाइलवर चालतो. अमेरिकेत तर अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅक या एकाच जागेवरून वर्षानुवर्षे भांडण आहे. संघाच्या यशाचे किती श्रेय त्या एकट्याचे?

मुंबईच्या क्रिकेटमध्ये या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत बोचरा दाखला आहे तो पालवणकर बाळू यांचा. १९११ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. आणि संघ? प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० हरला, २ जिंकला, २ अनिर्णित.

क्वार्टरबॅकचा वाद नेमका काय आहे?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानावर असतात. चढाई करणाऱ्या संघाची जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू आल्यावर सुरू होते. चेंडू लांब फेकायचा, सहकाऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे तो काही सेकंदांत ठरवतो. त्यामुळे तिथे संघाचा जय-पराजय थेट क्वार्टरबॅकच्या नावावर मांडण्याची पद्धत पडली आहे. टॉम ब्रेडी यांनी सात सुपर बोल जिंकले. सहा न्यू इंग्लंड पॅट्रियट्सकडून आणि सातवा टॅम्पा बेकडे गेल्यावर. क्वार्टरबॅक म्हणजेच संघ असे मानणारे हे उदाहरण पुढे करतात. दुसरी बाजू डॅन मरिनो यांचे नाव घेते. विक्रमांचा ढीग, पण सुपर बोल एकही नाही. शिवाय २००० च्या हंगामात बाल्टिमोर रेव्हन्सने ट्रेंट डिल्फर या सामान्य समजल्या जाणाऱ्या क्वार्टरबॅकला घेऊन अजिंक्यपद मिळवले, कारण त्यांचा बचाव भेदणे कुणाला जमत नव्हते.

क्रिकेटमध्ये अशी एकच जागा नाही. क्वार्टरबॅकचे काम इथे दोघांत विभागलेले आहे. निर्णय कर्णधाराचा, चेंडू गोलंदाजाचा. बाळू यांच्या वाट्याला चेंडू आला. निर्णय मात्र आला नाही, आणि तो का आला नाही याचे उत्तर धावफलकावर सापडत नाही.

चार रुपये पगाराचा गोलंदाज

बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाडला झाला. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातले हे कुटुंब. आडनाव पालवण या गावावरून आलेले. वडील लष्करी सेवेत असल्याने मुलांचे बालपण पुण्यात, छावणीच्या आसपास गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि चेंडूंवर बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम खेळायला शिकले.

पहिली नोकरी मैदानावरचीच होती. पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२ मध्ये ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. नेट लावणे, खेळपट्टी आखणे, टेनिसच्या कोर्टाच्या रेषा मारणे ही कामे. सदस्यांना सरावासाठी कुणीतरी चेंडू टाकणारा हवा असे, तेव्हा या पोऱ्याला बोलावले जाई.

पूना क्लबाच्या त्या नेटमध्ये बाळू घडले. कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळचे इथले नामांकित युरोपियन फलंदाज. इतरांच्या आधी मैदानावर येऊन ते तासन्‌तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत. बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली तर महिन्यात आठ वेळा ग्रेगना बाद करणे म्हणजे पगाराएवढी वरकमाई! अशा शाळेत चेंडूचा टप्पा आणि फिरकी पक्की होणारच.

पण या शाळेत एक विषय शिकवलाच जात नव्हता. क्लबाच्या नेटमध्ये बाळूंना फलंदाजीची संधी कधी मिळाली नाही, असे त्यांच्याबद्दल नोंदले गेले आहे. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजी ही नोकराची मेहनत, अशी ती वाटणी होती. सामन्यावर एखाद्याचा किती प्रभाव पडतो हे मोजताना आपण गुणांपासून सुरुवात करतो. त्याला कोणते काम करू दिले जाते, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि तसा गोलंदाज तर शहरातच होता. अडचण जातीची. बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर सदस्यांत दोन तट पडले. शेवटी जिंकण्याची ओढ भारी ठरली आणि त्यांना घेतले गेले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, वापरून टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवायचे वेगळ्या जागी. पुढच्या सत्रात पुन्हा तेच संघाचे पहिले शस्त्र.

मुंबईत काय बदलले?

१८९६ नंतर प्लेगने मुंबई-पुण्यात थैमान घातले. त्याच सुमारास बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ मध्ये स्थापन झाला होता. नालासोपाऱ्याहून चर्चगेट लोकलने जाताना चर्नी रोड आणि मरिन लाइन्सच्या दरम्यान उजव्या हाताला जिमखान्यांची मैदाने दिसतात, त्यांतलाच हा एक. बाळू या जिमखान्याकडून खेळू लागले. नोकरी मिळाली ती बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत. याच कंपनीने १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सोडली होती आणि १९५१ मध्ये हीच कंपनी पश्चिम रेल्वेत विलीन झाली. वसई-विरारकर ज्या मार्गावर रोज लटकत जातात, त्या रेल्वेच्या क्रिकेट संघातही बाळू खेळले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघ युरोपियनांविरुद्ध उतरला. मैदान बॉम्बे जिमखान्याचे, जिथे भारतीयांना सदस्यत्व नव्हते. हिंदूंच्या २४२ धावा, युरोपियनांच्या १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० वर बाद झाले आणि युरोपियनांसमोर २१२ चे लक्ष्य राहिले. ते १०२ मध्ये गुंडाळले गेले. विजय १०९ धावांनी. शेवटच्या डावातल्या त्या पडझडीत बाळूंच्या फिरकीचा मोठा वाटा होता.

लगेच पुढच्या वर्षी, १९०७ मध्ये, पारशी आणि युरोपियनांच्या सामन्यांत हिंदू संघाला जागा मिळाली आणि तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. बाळू आता सहकाऱ्यांच्या पंगतीत बसून जेवू लागले होते. इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकी साप्ताहिकाने १९०६ च्या विजयाइतकेच महत्त्व या गोष्टीला दिले. पुण्यात वेगळी बसवलेली पंगत मुंबईत एक झाली होती, आणि त्यात एका गोलंदाजाच्या बळींचा वाटा होता.

११४ बळी घेऊनही संघ का हरला?

१९११ चा संघ हा सर्व धर्मांच्या खेळाडूंचा मिळून इंग्लंडला गेलेला पहिला भारतीय संघ. त्याआधी १८८६ आणि १८८८ मध्ये गेलेले संघ फक्त पारशांचे होते. कर्णधार होते पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग, वय १९. त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक होता. महाराजांचा वेळ समारंभ आणि मेजवान्यांत गेला आणि ते मोजकेच सामने खेळले. संघातले अव्वल फलंदाज के. एम. मिस्त्री हे महाराजांच्या पदरी होते. महाराजांबरोबर राहावे लागल्याने तेही बहुतेक सामन्यांना मुकले. दौरा सुरू होतो न होतो तोच कर्णधार आणि मुख्य फलंदाज, दोघेही गायब!

बाळू ३५ वर्षांचे होते. खांद्याचे दुखणे होते. तरीही केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावा देऊन ८ बळी घेतले. लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध ९६ धावांत ४. लेस्टरशरविरुद्ध सामन्यात ११ बळी, आणि तो सामना भारताने जिंकला. दुसरा विजय सॉमरसेटविरुद्धचा. तिथे शिवराम यांनी नाबाद ११३ आणि स्वतः बाळूंनी अर्धशतक केले. नेटमध्ये ज्याच्या हाती बॅट दिली गेली नाही, त्याचे इंग्लंडमधले हे अर्धशतक.

आता थोडे गणित. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत बाळूंचे बळी ७५. संघाच्या १४ सामन्यांवर ते विभागले तर सामन्यामागे पाचाहून थोडे जास्त पडतात. त्यांची संपूर्ण कारकीर्द पाहिली तर ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. म्हणजे पुन्हा सामन्यामागे पाचाहून थोडे जास्त. मायदेशी जिंकणाऱ्या संघात असोत की परदेशी हरणाऱ्या संघात, त्यांच्या वाट्याचे काम जवळपास तेवढेच होत राहिले. बदलत होते ते बाकी सगळे.

क्रिकेटचा नियमही इथे आडवा येतो. एका गोलंदाजाला लागोपाठ दोन षटके टाकता येत नाहीत. त्यामुळे कितीही दमदार असला तरी तो डावातली जास्तीत जास्त निम्मी षटके टाकू शकतो. दुसऱ्या टोकाकडून धावा गेल्या तर त्या त्याला थांबवता येत नाहीत. दोन डावांचा सामना जिंकायला साधारण २० बळी लागतात. पाच बळी म्हणजे त्यातला पाव हिस्सा. उरलेला पाऊण हिस्सा, सगळे झेल आणि सगळ्या धावा इतरांनी करायच्या. अमेरिकन क्वार्टरबॅक निदान आपल्या संघाच्या प्रत्येक चढाईत चेंडूला हात लावतो. गोलंदाजाला तेवढीही मुभा नाही.

याच दौऱ्यावर डॉ. होरमसजी कांगा होते. पावसाळ्यात मुंबईची मैदाने गाजवणारी कांगा लीग त्यांच्याच नावाने चालते. बाळूंच्या नावाशी तेवढी ओळख असलेले प्रेक्षक त्या मैदानांवर आज किती सापडतील, हे सांगणे कठीण नाही.

दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे अभ्यासक सांगतात. मैदानावर आपल्यातला एक माणूस साहेबाला बाद करतो, ही गोष्ट या समाजासाठी धावफलकापेक्षा मोठी होती.

कर्णधारपद का मिळाले नाही?

इंग्लंडहून आल्यानंतर बाळू हे हिंदू संघातले निर्विवाद ज्येष्ठ खेळाडू होते. कोणत्या फलंदाजाला कुठे चेंडू टाकायचा, क्षेत्ररक्षक कुठे उभा करायचा, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? तरीही १९१० नंतरच्या दशकात हंगामामागून हंगाम गेले आणि कर्णधारपद दुसऱ्याकडेच राहिले. ते बराच काळ एम. डी. पै यांच्याकडे होते. पै यांना याची जाणीव होती. १९१३ मध्ये आपल्या सत्काराच्या वेळीच त्यांनी हा मान खरे तर ज्येष्ठ म्हणून बाळूंना मिळायला हवा होता, असे सांगितले.

बाळूंच्या क्रिकेटबद्दल कुणालाच शंका नव्हती. सवर्ण खेळाडूंनी अस्पृश्य माणसाच्या हुकमात खेळायचे, हे पचवायला निवड करणारे तयार नव्हते. चेंडू त्याच्या हातात द्यायला हरकत नव्हती, कारण त्यातून विजय मिळत होते.

१९२० मध्ये हे सगळे उघड्यावर आले. पै आजारी पडले. बाळू तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. त्यांना संघातूनच वगळण्यात आले. धाकटे भाऊ विठ्ठल हे तोवर हिंदू संघाचे आघाडीचे फलंदाज झाले होते. कर्णधारपद मात्र त्यांना डावलून पुण्याच्या दि. ब. देवधर यांना दिले गेले. देवधर मोठे खेळाडू होते, यात वाद नाही. पण हा निर्णय गुणांवर झालेला नाही, असे पालवणकर बंधूंचे म्हणणे होते. शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर पत्र काढून संघातून माघार घेतली. आपला भाऊ केवळ जातीमुळे डावलला गेला, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले. शंभर वर्षांपूर्वी खेळाडूंनी निवड समितीविरुद्ध असे उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती.

परिणाम झाला. पै परतले, भाऊ परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले. सामन्यात पै काही वेळासाठी मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ बाळू हिंदू संघाचे कर्णधार होते. कारकिर्दीच्या अखेरीस, दुसऱ्याने जागा मोकळी करून दिल्यावर मिळालेला हा मान. बाळू कर्णधार म्हणून कसे ठरले असते, हे काही षटकांवरून कसे कळणार?

विठ्ठल यांना मिळालेली संधी

त्यानंतर तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवून त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. १९२३-२४ ते १९२६-२७ या चार हंगामांत हिंदू संघ तीनदा विजेता ठरला.

मग कर्णधारामुळेच सगळे झाले असे म्हणायचे का? तसेही नाही. त्या संघात सी. के. नायडू होते, देवधर होते. १९११ च्या संघात बाळूंच्या आजूबाजूला जे नव्हते, ते विठ्ठल यांच्याभोवती होते. पण भाऊ कर्णधार झाला म्हणून संघ मोडला नाही, कुणाचा धर्म बुडाला नाही आणि चषकही आला, एवढे त्या चार हंगामांनी दाखवून दिले. विठ्ठल यांनी पुढे माझे क्रीडाजीवन हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. पालवणकर बंधूंबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यातले बरेच त्या पुस्तकामुळे टिकले. २००२ मध्ये रामचंद्र गुहा यांच्या भारतीय क्रिकेटच्या इतिहासामुळे ही कहाणी नव्या वाचकांपर्यंत गेली.

मैदानानंतरची लढत

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता. या प्रश्नावर ते एम. सी. राजा यांच्या बाजूने, म्हणजे आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचेही नाव आहे.

१९३७ च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांशी लढायला घराघरात माहीत असलेले नाव हवे आणि ते बाळूंचे आहे, असा तो हिशेब होता. क्रिकेट संघांनीही आयुष्यभर त्यांच्याबाबत असाच हिशेब केला होता: विजय हवा, तर बाळूंना बोलवा. या वेळी समोर असा माणूस होता ज्याच्यामागे स्वतःची संघटना आणि वर्षांची चळवळ होती. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. पराभव झाला, पण त्या काळात आंबेडकरांसमोर ११ हजारांवर मते घेणे हेही सोपे नव्हते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. अंत्यसंस्कार सांताक्रूझला झाले. तोवर भारत कसोटी क्रिकेट खेळू लागून २३ वर्षे झाली होती. धर्मांच्या नावाने खेळली जाणारी ती स्पर्धा बंद पडली होती आणि ज्या रेल्वेकडून ते खेळले, तिचे नावही बदलून पश्चिम रेल्वे झाले होते. विक्रमाच्या पुस्तकात त्यांच्या नावापुढे १७९ बळी आहेत. कर्णधार म्हणून खेळलेले सामने या रकान्यात काही नाही.